आजीचे धवले ४८ वर घे

अगं, आधी एवढं ऐक. रेकॉर्डर हातात आला की सगळ्याजणी सॅम्पल रेटचा आकडा सर्वांत वर नेऊन ठेवतात. १९२ दिसलं की वाटतं, आवाज सगळ्यात छान यातच येणार. तसं नसतं गं. पनवेलला, तुझ्या सासरी, आजेसासूबाईंच्या तोंडचे धवले, ती लग्नातली गाणी, घ्यायचेत ना तुला? मग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट लाव, आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस.

यंत्र आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजतं आणि ते आकडे जपून ठेवतं. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० मोजण्या. कुठलाही ध्वनी पुरता पकडायचा तर त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या लेखात याची सिद्धता दिली. आपल्या कानाला ऐकू येतं फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, तेही लहान वयात. म्हणजे ४८,००० मध्ये सगळं बसतं, वर थोडी जागाही उरते. कर्नाळ्याच्या जंगलात रात्री वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्याला १९२ किंवा त्याहून जास्त लागेल, कारण ते आवाज आपल्या कानापलीकडचे असतात. धवले गाणाऱ्या धवलारणीच्या गळ्यातलं सगळं काही त्यांच्या खूप अलीकडे आहे.

सीडीचा ४४.१ वाईट नाही हं. पूर्वी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. चित्राच्या एका ओळीत ३ नमुने, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून बघ, ४४,१०० येतात. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन. पण भाऊजी शेजारी बसून मोबाइलवर व्हिडिओ घेणारच, आणि व्हिडिओचं सगळं काम ४८ वर चालतं. दोन्ही एकाच आकड्यावर असले की जुळवताना डोक्याला ताप नाही.

आकडे मिसळले तर काय होतं, तेही सांगते. सॉफ्टवेअरनं नीट रूपांतर केलं तर काहीच बिघडत नाही. पण ४८ ची फाइल कुणी ४४.१ ची समजून वाजवली, तर तासाभराचं गाणं पासष्ट मिनिटं चालतं आणि सूर खाली उतरतो. आजी काळी चारमध्ये गात असतील, तर ऐकू येईल ते धड पांढरी पाचमध्ये नाही, धड काळी तीनमध्ये नाही. घरातल्यांना नुसतं वाटेल, आजींचा आवाज थकलेला आला. म्हणून एकच आकडा, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत.

२४ बिट मात्र सोडू नकोस. म्हातारं माणूस गाताना मध्येच पुटपुटतं, मध्येच खडा आवाज लावतं. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेव. २४ बिटमध्ये हळू आलेलं नंतर वाढवता येतं, फुटलेला आवाज सांधता येत नाही. फाइल वेव्ह हवी, एमपी३ नको. एका माइकचं एक तासाचं ध्वनिमुद्रण साधारण ५२० एमबी होतं. १९२ वर तेच दोन जीबीच्या वर जाईल, आणि हाती जास्तीचं काही लागणार नाही. ध्वनी-अभिलेखागारांची आयासा ही आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या टेप डिजिटल करताना किमान म्हणून ४८ आणि २४ च सांगते. तू कुठे कमी पडत नाहीयेस.

ब्लूटूथचा इअरफोन माइक म्हणून वापरू नकोस. त्यातून आवाज बहुतेक वेळा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो, मग रेकॉर्डरवर ४८ लिहिलेलं असून उपयोग काय? साधा वायरचा माइक आजींपासून वीतभर अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला ठेव. पंखा आणि फ्रीज बंद. मे महिन्यात पंख्याविना त्यांना बसवू नकोस, थंडीतच घे. लग्नातच घेईन असंही म्हणू नकोस, हळदीला बँजो लागला की आजींचा शब्दही कळणार नाही. रेल्वे आणि हायवेच्या बाजूची खिडकी लाव, आतली खोली निवड. गाडीचा भोंगा आलाच, तर तो जाऊ दे आणि ते कडवं परत म्हणायला सांग. आजींना राग येत नाही, उलट आपलं गाणं कुणी एवढं जपतंय याचं बरं वाटतं. सुरुवातीला त्यांचं नाव, माहेरचं गाव, तारीख त्यांच्याच तोंडून येऊ दे. आणि कुणाकुणाला ऐकवायचं, हे त्यांना विचारूनच ठरव.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या गटानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. शब्द लाखाच्या वर ओव्यांचे उतरले. १९९६ पासून बर्नार्ड बेल सोबत आले, तेव्हा आवाजही जमू लागला. तो १२० तासांहून थोडा जास्त आहे. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या बायका आपल्याला ऐकू येतात त्या या तासांमुळे. धवले वहीत लिहून ठेवशीलच, पण चाल वहीत मावत नाही गं.

आजींशी बोलून दिवस ठरव. दोन ठिकाणी प्रत ठेव, आणि मला पाठवशील ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर आवाज दाबला जाईल.