कोरडा तलाव, भरलेली विहीर

आजचं वाचन: यहोशवा ४:१-९ आणि २०-२४



मागच्या रविवारी उपासनेनंतर पाळकांनी साक्षीसाठी वेळ दिला. दोघं-तिघं उभे राहिले. बायकोने कोपराने हळूच ढोसलं, पण मी मान खाली घालून बायबलची पानं उलटत बसलो.

कारण सांगतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली. सकाळी नऊला मीटिंगचं निमंत्रण आलं आणि साडेनऊला लॅपटॉप लॉक झाला. त्यानंतर सात महिने घरी होतो. त्या सात महिन्यांत घराचा एकही हप्ता चुकला नाही. कसा नाही चुकला, हे आज एक्सेल उघडून बघितलं तरी मला नीट सांगता येत नाही. ऑक्टोबरमध्ये नोकरी लागली. एवढीच गोष्ट असती तर मी सर्वांत आधी उभा राहिलो असतो.

पण त्याच सात महिन्यांत आण्णा गेले. माझे वडील. मंडळीने उपास केले होते, रात्रभर प्रार्थना केली होती. मग ‘देवाने नोकरी दिली’ एवढंच सांगून खाली बसायचं? अर्धी साक्ष मला खोटी वाटते. आणि पूर्ण सांगायला गेलो तर गळा दाटतो.

हे मनात असतानाच आजचा अध्याय समोर आला.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. कापणीचे दिवस, यार्देन दोन्ही काठांवरून वाहतेय. कराराचा कोश घेतलेले याजक पाण्यात पाय टाकतात आणि वरून येणारा प्रवाह थांबतो. लोक पार होतात. आपण असतो तर लगेच पुढे निघालो असतो, समोर यरीहो आहे, कामं पडली आहेत. पण परमेश्वर आधी एक काम सांगतो: प्रत्येक वंशातल्या एका माणसाने नदीच्या मधून, जिथे याजकांचे पाय टेकले होते तिथून, एक एक दगड खांद्यावर घेऊन यायचा. ते बारा दगड गिलगाल इथे उभे केले. का? तर पुढे मुलं विचारतील की हे दगड कसले, तेव्हा सांगता यावं म्हणून.

दगड काठावरचे चालले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काठावर दगड काय कमी असतील? पण जिथे एरवी बुडून मेलो असतो, तिथलेच आणायचे होते.

आता नववं वचन परत वाचा. आपण ते पटकन वाचून पुढे जातो. यहोशवाने आणखी बारा दगड नदीच्या मधोमध उभे केले. म्हणजे पाणी परत आल्यावर ते दिसणारच नाहीत! मग कशासाठी? माझ्यातला इंजिनिअर इथे वैतागतो. जे कुणाला दिसणार नाही असं स्मारक कोण बांधतं?

याचं उत्तर मला पुस्तकात नाही, आमच्या गावच्या तलावावर मिळालं.

आमचं मूळ गाव बारामती तालुक्याच्या जिरायती भागात. बारामती म्हटलं की लोकांना ऊस, कारखाने आणि द्राक्षं आठवतात. पण ती नीरा डाव्या कालव्याखालची बारामती. कालव्याच्या वरच्या अंगाला गेलात की कुसळं, बाभळी आणि पावसाची वाट बघणारी माणसं. इंदापूरकडेही कालव्यापासून लांबच्या गावांची हीच कथा. बारामतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्ट मिशनचे लोक आले. त्याच मिशनच्या हेझल स्क्यूस या बाई १९६० च्या दशकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या दिवसांत, पाझर तलावांच्या कामामागे उभ्या राहिल्या. तरुण शरद पवारही त्या कामात होते. चर्चच्या मदतसंस्थांकडून आलेलं धान्य फुकट वाटण्याऐवजी कामाच्या बदल्यात द्यायचं आणि त्या कामातून गावाला पाणी मिळवून द्यायचं, अशी ती योजना. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, तेव्हा अशा तलावांची किंमत सगळ्यांनाच कळली.

आमची आजी त्या कामावर होती. तेव्हा वीस वर्षांची. मातीची पाटी डोक्यावर घेऊन भरावावर चढायचं, रिकामी करून उतरायचं, दिवसभर. आठवड्याला गहू आणि तेल मिळायचं. बाजूच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, आणि त्या झोळीत एक वर्षाचे आण्णा.

पाझर तलाव म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्यांसाठी थोडं सांगतो. ओढ्याला आडवा मातीचा भराव घालतात. मधोमध काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग, जास्तीच्या पाण्याला सांडवा. पण हा तलाव पाणी साठवून ठेवण्यासाठी नसतोच. त्याने पाणी जमिनीत मुरवायचं असतं. दुसरा तलाव गळायला लागला तर ठेकेदाराला धरतात, इथे तळातून पाणी झिरपलं नाही तर तलाव बिघडला म्हणायचं. तळाला गाळ साचला की झिरपणं मंदावतं. मग तलाव भरलेला दिसतो आणि खालच्या विहिरी मात्र कोरड्या पडत जातात. म्हणून मधूनमधून गाळ काढावा लागतो. (सुखाच्या दिवसांत आपल्या मनात काय साचतं, हे अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशेने लिहून ठेवलंय. पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, आणि मग विसराल. हिंजवडीत नोकरी आणि वाकडला टू बीएचके असलेल्यांनी तो अध्याय जरा सावकाश वाचावा. त्यात मीही आलो.)

या फेब्रुवारीत आम्ही गावी गेलो होतो. पाच वर्षांच्या लेकीला घेऊन तलावावर गेलो, आजी काठी टेकत सोबत आली. तलावात पाणी नव्हतं. तळाला भेगा पडलेल्या आणि दोन शेळ्या चरत होत्या. लेकीने विचारलं, “पप्पा, यात पाणी कुठंय?”

मला काही सुचेना. खरं सांगायचं तर मी स्वतः वर्षभर देवाला हेच विचारत होतो.

आजी म्हणाली, “खाली गेलंय बाय. चल, दावते.”

तिने तिला खालच्या अंगाच्या विहिरीवर नेलं. विहिरीत पाणी होतं. त्या पाण्यावर कडेला घास आणि थोडी मेथी हिरवीगार उभी होती. मग आजीने बाभळ कुठे होती ती जागा दाखवली. झाड आता नाही. “हितं तुझा आजा झोळीत असायचा. तवा वाटलं न्हवतं जगंल. प्रभूने सत्तावन्न वर्सं दिली.”

सत्तावन्न वर्षं. मी वर्षभर फक्त शेवटचे तीन महिने मोजत होतो. आजीचा हिशोब झोळीपासून सुरू होत होता. तिने मुलगा गमावलाय, माझ्यापेक्षा तिचं दुःख लहान नाही. ती त्या दिवशी विहिरीच्या काठावर रडलीसुद्धा. पण रडताना तिने आधीची वर्षं टाकून दिली नाहीत.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेलं, तेव्हा इंदापूरकडे पळसदेवचं पाण्याखालचं जुनं देऊळ उघडं पडलं आणि लोक ते बघायला गेले. एरवी बोटीतून जाताना खाली काय आहे ते कळतही नाही. नदीतले ते बारा दगड मला आता असे समजतात. काठावरचे दगड मुलांना दाखवण्यासाठी. पाण्याखालचेही तितकेच खरे, परमेश्वराला ते माहीत आहेत, आणि आपल्याला कधीतरी पाणी ओसरल्यावर दिसतील किंवा दिसणारही नाहीत. नोकरी हा माझा गिलगालचा दगड. आण्णांचं आजारपण अजून पाण्याखाली आहे. तिथेही प्रभूचे पाय टेकले होते असा माझा विश्वास आहे, पण दाखव म्हणालात तर आज मला दाखवता येणार नाही.

स्तोत्र ७७ मधला आसाफही असाच रात्री जागा आहे. देव दया करायला विसरला काय, इथपर्यंत तो जातो. आणि मग ठरवतो की मी आठवण करीन. त्याला आपोआप आठवत नाही, तो ठरवतो. ऑफिसमध्ये आपण लॉग का लिहितो? सिस्टिम नीट चालू असताना ते कुणी उघडत नाही. रात्री दोनला सगळं पडतं तेव्हा लागतात. मी परवापासून एक साधी वही केलीय, दोनशे पानी. फोनमध्ये नाही, कारण फोन बदलताना माझे जुने नोट्स एकदा गेलेत. पहिल्या पानावर तारीख नाही, फक्त ‘बाभळ, झोळी, गहू, तेल’ असं लिहिलंय. लेकीने खाली तलावाचं चित्र काढलंय. तिने त्यात पाणी निळ्या खडूने भराव्याच्या खाली, मातीत रंगवलंय.

येत्या रविवारी साक्षीला उभा राहणार आहे. दोन्ही सांगणार. गळा दाटला तर पाळक सांभाळून घेतील.

उद्या शास्ते २ वाचू. दहाव्या वचनापाशी थांबा, यहोशवाच्या पिढीनंतर काय झालं ते तिथे आहे.