भाचीचं मत विचारायचं की नाही?

प्रश्न : माझी बहीण गेल्यावर तिची अकरा वर्षांची मुलगी आजीकडे होती. आजी थकल्या. आता प्रकरण बाल कल्याण समितीपुढे आहे. तिला काही विचारू नये, गोंधळेल, असं घरचे म्हणतात. तुमचं मत?
– एक मावशी, सातारा

उत्तर : मावशी, गोंधळ तिला आत्ताही आहेच, फक्त तो ती एकटीने सोसते आहे. बाल न्याय अधिनियम, 2015च्या कलम 3मध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा आणि निर्णयात सहभागाचा हक्क स्पष्ट दिला आहे. तिच्या वयानुसार आणि समजेनुसार त्या मताचा विचार व्हायला हवा.

मात्र ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. आजी शेजारी बसलेली असताना कुठली पोर खरं बोलेल? शाळा बदलली तर काय वाटेल, रात्री भीती कशाची वाटते, कुणाशी मोकळेपणाने बोलता येतं, हे निवांतपणे विचारा. गप्प बसली तर बसू द्या. चित्र काढेल, चिठ्ठी लिहील. समितीने तिच्याशी नातेवाइकांशिवाय बोलावं, अशी विनंती अर्जाद्वारे करा. सामाजिक तपासणी अहवालात तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत यावं, असा आग्रह धरा. ‘मूल समाधानी दिसते’ अशा वाक्यांचा काही उपयोग नसतो.

तिने सांगितलं तसंच होईल, असं वचन देऊ नका. निर्णय वेगळा झाला, तर त्याची कारणं तिला समजतील अशा भाषेत सांगायला लावा. ती तुमच्याकडे राहणार असेल, तर बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा.