स्वतःचीच चरबी, म्हणून धोका नाही?

"तुमच्याच पोटाची चरबी, तुमच्याच पेशी. मग भीती कसली?" चरबीतल्या मूलपेशी टोचून घ्या म्हणताना आमवाताच्या माणसाला कुणी असं म्हणालं, तर आधी थांबा. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या वहिनींना एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हेच ऐकवलं होतं. मानवतला कापूस विकून आलेला पैसा तिथं गेला. त्याहून वाईट म्हणजे, आमवातावरची आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद करायला सांगितलं. काही दिवसांतच मनगटं पुन्हा सुजली, वेणी घालायलाही लेकीला बोलवावं लागलं.

चरबीतल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, ही थाप नाही. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या ओळखल्या. आमवातात शरीराचं सैन्य आपल्याच सांध्यांवर उठतं. मूलपेशींना दाहाची चाहूल लागली, की त्या या सैन्यातल्या टी पेशींना लागणारं ट्रिप्टोफॅन मोडून टाकतात, प्रोस्टाग्लँडिन सोडतात आणि चवताळलेल्या भक्षक पेशींना शांत करतात. पण प्रयोगशाळेत दिसलेला हा गुण माणसात टिकेलच असं नाही. शिरेतून सोडलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसात अडकतात आणि काही दिवसांत मरतात. क्रोन्स या आतड्याच्या आजारातल्या गुदद्वाराजवळच्या भगंदरासाठी दात्याच्या चरबीपासून बनवलेल्या औषधाला युरोपने २०१८ मध्ये मान्यता दिली होती. पुढच्या मोठ्या चाचणीत ते उतरलं नाही, आणि २०२४ मध्ये बाजारातून गेलं. अमेरिकेत तर अशाच पेशी डोळ्यांत टोचल्यावर तीन बायकांची दृष्टी गेली. त्या पेशीही त्यांच्याच चरबीतल्या होत्या.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा बाकीचा वापर संशोधनातच, म्हणजे नोंदणी झालेल्या चाचणीतच व्हावा. म्हणून दवाखान्यात पाय ठेवताच सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, ते विचारा. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखाचा आकडा सांगितला, की ती चाचणी नव्हे, हे ओळखा.

आणि चालू गोळी परस्पर बंद करू नका. मेथोट्रेक्सेट घेताना रक्ताची आणि यकृताची तपासणी वेळच्या वेळी लागतेच. त्यात काही खटकलं, तर ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, त्यांनाच विचारा.