काम हवे, पण कोणते?

कामगार संघटना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा, फाटकावरची सभा आणि पगारवाढीच्या मागण्यांचा फलक उभा राहतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप हे तर आपल्या अभ्यासातले ठरलेले उदाहरण. एका बाजूला कारखाना व मालक, दुसऱ्या बाजूला संघटना, असे ते चित्र असते. पण जेथे कारखानाच नाही, तेथे संघटनेने कोणाकडे काय मागावे? आणि नुसते काम मागितले म्हणजे तिचे कर्तव्य संपते काय? हे दोन प्रश्न मला ह्या लेखात मांडावयाचे आहेत. मी खोडदचा रहिवासी आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आमच्या भागात हे प्रश्न रोज सकाळी रस्त्यावर उभे असलेले दिसतात, म्हणून उदाहरणेही मी शक्यतो जवळचीच घेतली आहेत.

आमचा भाग

खोडद हे गाव दुर्बिणीमुळे जगाला ठाऊक झाले. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या ह्या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी तिला टिपावयाच्या असतात, म्हणून भोवताली विद्युत उपकरणांचा गोंगाट चालत नाही. परिसरात उद्योग काढावयाचा तर दुर्बिणीच्या संस्थेची संमती घ्यावी लागते. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गदेखील दुर्बिणीमुळे बदलावा लागला. ह्याबद्दल गावात मतभेद आहेत आणि ते राहणारच. मला एवढेच सांगावयाचे आहे की, आमच्याकडे चिमण्यांचा धूर निघणार नाही, हे जवळजवळ ठरलेले आहे. रोजगार म्हणजे शेती, आणि शेतीला आधार देणारी सार्वजनिक कामे.

ही शेतीही एकसारखी नाही. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाचे पाणी आहे. द्राक्षे, टोमॅटो, कांदा, ऊस आहे. पश्चिमेकडे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा डोंगराळ पट्टा आहे. तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी ही आदिवासी मंडळी उतारावर भात, नाचणी, वरई पिकवितात आणि हिरडा गोळा करून विकतात. पाऊस तेथे धो धो पडतो, पण उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. भाताचे काम सरले की ही माणसे नारायणगावच्या मजूर बाजारात येऊन उभी राहतात. बागाईतदार येतो, मजुरी ठरते, माणसे गाडीत बसतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ह्या पाच धरणांचे पाणी सह्याद्रीच्या बाजूने येते. आमच्या हिरव्या मळ्यांना लागणारे पाणी आणि हात, दोन्ही पश्चिमेकडचेच.

मागच्या वर्षी आमच्या टोमॅटोच्या तोडणीला आलेल्या एका बाईंना मी विचारले, "मावशी, तुमच्या गावालाच काम निघालं तर इकडं याल का?" त्या हसल्या. "कशाला येऊ दादा? पोरं म्हातारीपाशी टाकून कोण हौसेनं येतंय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण काम निघावं तर शेताचं निघावं. खडी फोडून पोट भरतं, शेत नाही व्हत." सबंध विषयाचे सार मला ह्या शेवटच्या वाक्यात दिसते.

१९७२ चा धडा

महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात आणला त्यामागे दुष्काळ होता, आणि दुष्काळात संघटित झालेली माणसेही होती. १९७२-७३ च्या दुष्काळात ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ग्रामीण भागात मागेल त्याला काम देण्याची कल्पना आधीच मांडली होती आणि सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोगही झाला होता. परंतु कल्पना कागदावर असणे निराळे आणि ती राज्यभर अमलात येणे निराळे. दुष्काळी कामांवर मजुरांचे मेळावे भरले, मोर्चे निघाले. डाव्या आणि समाजवादी पक्षांनी, लाल निशाण पक्षाने शेतमजुरांना संघटित केले. शहाद्याकडे १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. ह्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढ व्यक्तीला १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असे त्यात सांगितले होते.

योजनेचा पैसा कोठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ च्या कायद्याने राज्यात व्यवसाय कर बसविण्यात आला, तो ह्या योजनेसाठी. आपल्या प्राध्यापकांच्या वेतनातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्या कपातीचे मूळ हे आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकाराच्या मजुरीचा भार उचलावा, असा तो सामाजिक करार होता.

मात्र दुष्काळात काम म्हणजे पुष्कळदा खडी फोडणे असे. डोंगराएवढे ढीग पडले आणि त्यांतील कित्येकांचा रस्ता कधी झालाच नाही. म्हणून 'काम द्या' ह्या मागणीला लवकरच 'उपयोगी काम द्या' ही दुसरी मागणी जोडली गेली. कायद्यानेही उत्पादक कामांना अग्रक्रम दिला: पाझर तलाव, नाला बांधबंदिस्ती, समतल बांध, वनीकरण. खर्चात मजुरीचा वाटा निदान ६० टक्के असावा, असे ठरले. १९९० पासून फळबाग लागवडही योजनेत आली. निसर्गसंवर्धन आणि रोजगार ह्यांची सांगड घालण्याची आज जगभर चर्चा चालते. महाराष्ट्रातील मजूर स्त्रिया हे काम ५० वर्षांपूर्वी डोक्यावर घमेले घेऊन करीत होत्या.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. तलाव मजुराने खणला. पाझरलेले पाणी ज्याची विहीर त्याला मिळाले. भूमिहीनाच्या वाट्याला त्या हंगामाची मजुरी आली, पुढच्या वीस वर्षांचे पाणी आले नाही. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने ह्यावर उत्तर शोधले: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे द्यावयाचे, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. तेव्हा काम उपयोगी असावे, एवढ्याने भागत नाही. ते कोणाच्या उपयोगी आहे, हेही विचारावे लागते.

पडकई

ह्या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर आंबेगावच्या पश्चिम भागात आहे. त्याचे नाव पडकई. देशावर जशी इर्जिक असते तशीच ही आदिवासींची जुनी पद्धत. वाडीतील माणसे एकत्र जमून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या उतारावर दगडी बांध घालतात, माती ओढून जमीन सपाट करतात आणि भाताचे खाचर तयार करतात. बांधामुळे पावसाचे पाणी थबकते, माती अडते आणि नुसत्या वरईच्या उतारावर भात उभा राहतो.

डिंभे धरणात खोऱ्यातील चांगल्या जमिनी बुडाल्यावर कित्येक कुटुंबांना वरच्या उताराशिवाय काही उरले नाही. तेथे 'शाश्वत' ही संस्था आणि आदिवासींची संघटना यांनी पडकईला रोजगाराच्या कामाचा दर्जा मिळावा म्हणून चिकाटीने प्रयत्न केले आणि पुढे शासनानेही पडकईचा कार्यक्रम स्वीकारला. धरणाच्या जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थेला मिळावा, हीदेखील त्यांचीच मागणी. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

पडकईत काय साधले ते पाहा. मजुराला मजुरी मिळाली. त्याच मजुराच्या शेताला माती मिळाली. म्हणजे मजुरी करणारा आणि मालमत्ता मिळवणारा एकच. शिवाय उतारावर अडलेली माती धरणात जात नाही. धरणात गाळ कमी म्हणजे कालव्याला पाणी अधिक. डोंगरातला एक दगडी बांध खाली आमच्या टोमॅटोची चाकरी करतो आणि आम्हाला त्याची वार्ताही नसते.

शहरात आणि जगात

कामाचे स्वरूप ठरविणाऱ्या संघटना फक्त खेड्यातच आहेत असे नाही. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. सभासद बहुतांशी दलित समाजातील कचरावेचक स्त्रिया. त्यांच्या समोर मालक नव्हता. होता तो उकिरडा आणि लोकांचा तिरस्कार. संघटनेने त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली. आमच्या हातून शहराचा कचरा कमी होतो, कागद-काच पुन्हा कारखान्यात जाते, तेव्हा हे काम सार्वजनिक सेवा माना, असा दावा तिने केला. २००८ मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार केला. भीक म्हणून मागितलेले काम आणि सेवा म्हणून सिद्ध केलेले काम ह्यांत केवढे अंतर आहे, ते येथे दिसते.

परदेशातही हाच विचार दोन ठिकाणी ठळकपणे पुढे आला. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बांधकाम मजूर संघटनेने केलीज बुश ह्या झाडीच्या जागेवर घरे बांधण्यास नकार दिला. पुढे १९७६ मध्ये इंग्लंडच्या लुकास एरोस्पेस ह्या कंपनीतील कामगार प्रतिनिधींनी नोकरकपातीला उत्तर म्हणून स्वतःच एक आराखडा केला. विमानांचे सुटे भाग आणि युद्धसामग्रीऐवजी वैद्यकीय उपकरणे, उष्णता-पंप, पवनऊर्जेची साधने अशा सुमारे १५० वस्तू आम्ही बनवू शकतो, असे त्यांनी मांडले. कंपनीने तो आराखडा स्वीकारला नाही. परंतु काय बनवावे हे सांगण्याचा अधिकार कामगारालाही आहे, हा विचार त्यामुळे जगापुढे आला.

आजचा प्रश्न

महाराष्ट्राच्या योजनेवरून प्रेरणा घेऊन २००५ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ केले आहेत; पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला आहे. पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. शेतकऱ्याला मजूर मिळावा, हा तिचा हेतू.

मी बागाईतदाराच्या घरातला आहे. तोडणीच्या दिवसांत माणूस न मिळाल्यास माल वेलीवरच सडतो आणि वर्षाचे कर्ज अंगावर राहते, हे मी पाहिले आहे. म्हणून ही तरतूद आमच्या घरात सर्वांना आवडेल, हे मी जाणतो. तरीही अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वेगळे दिसते. मजुराच्या हाती दुसरे काम असते तेव्हाच नारायणगावच्या बाजारात त्याच्या 'नाही'ला किंमत येते. ते दुसरे काम ऐन हंगामात बंद झाले, तर बाजारात उरते फक्त त्याची गरज. मजूर स्वस्त मिळण्यापेक्षा टोमॅटोला रास्त भाव मिळणे हा आमच्या अडचणीवरचा खरा उपाय आहे, आणि त्यासाठी शेतकरी व शेतमजूर ह्यांना एका सतरंजीवर बसावे लागेल. हे अशक्य नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा किसान सभेने भरपाईसाठी दीर्घ लढा दिला. त्यातील हिरडा वेचणारी माणसे हंगामात मजूर असतात आणि आपल्या खाचरात शेतकरी.

आपण काय करावे

आपल्या महाविद्यालयात पूर्व भागातील मुले आहेत, तशी आश्रमशाळेतून आलेली पश्चिमेकडची मुलेही आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गाव झाडतो, भिंती रंगवितो. ते चांगलेच आहे. परंतु एखादे शिबिर पश्चिमेच्या वाडीत घ्यावे. तेथे कोणाला कोणते काम हवे आहे, ह्याची यादी वाडीतील स्त्रियांना विचारून करावी आणि ती ग्रामसभेपुढे ठेवण्यास त्यांना मदत करावी. कामाची मागणी लेखी करावी आणि तिची दिनांक घातलेली पोच घ्यावी, एवढी साधी गोष्ट जरी आपण चार वाड्यांत पोचविली, तरी पुष्कळ होईल. कारण तारीख नसलेल्या अर्जाला पंधरा दिवसांची मुदत लागू होत नाही. अर्थशास्त्र विभागाने पडकईच्या बांधावर एक प्रकल्प घ्यावा: बांधापूर्वी काय पिकत होते, नंतर किती पिकते, घरातील किती माणसे बाजारात यावयाची थांबली. हे आकडे मोजण्यास मोठे शास्त्र लागत नाही. वही, टेप आणि दोन रविवार पुरतात.

संघटनेची पहिली मागणी काम ही असते आणि ती पोटातून येते. हे काम कशासाठी, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पाण्यासाठी, हा दुसरा प्रश्न विचारला जातो तेव्हा मजूर नुसता मागणारा राहत नाही. गावाचे भवितव्य ठरविणारा होतो. टोमॅटो तोडता तोडता त्या मावशींनी हा प्रश्न मला चार शब्दांत सांगितला. तो आपल्या ग्रामसभांत आणि वर्गांतही विचारला जावा, एवढीच माझी इच्छा आहे.