बटाट्यातली बांगडी

पावसाळ्यात आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बटाट्याची शेते दिसतील. एखाद्या शेतात भर दुपारी एकच झाड मान टाकून उभे असते, शेजारची टवटवीत. संध्याकाळी ते सावरते. दोन-तीन दिवसांनी मात्र सावरत नाही आणि पाने हिरवी असतानाच मरते. पाहणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. वास्तविक मुळाशी ओल भरपूर असते.

अशा झाडाखालचा बटाटा आडवा कापून पाहा. सालीच्या थोडे आत तपकिरी कडे दिसेल. दाबले की त्यातून दुधट, चिकट थेंब येतात. या कड्यावरूनच रोगाला ‘बांगडी’ हे नाव पडले. पुणे जिल्ह्यात त्याची नोंद १८९२ सालीच झाली होती. त्याचा जीवाणू मात्र अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये वर्णन केला. राल्स्टोनिया सोलॅनासिॲरम हे त्याचे आजचे नाव.

हा जीवाणू जमिनीत राहतो. मुळाला खुरप्याची जखम झाली किंवा सूत्रकृमींनी भोक पाडले, की तेथून आत शिरतो व जलवाहिन्यांत वाढतो. त्याच्या चिकट स्रावाने त्या तुंबतात. ओल आहे, पण वर चढायला वाट नाही! अशा वेळी आणखी पाणी सोडणे म्हणजे जीवाणूला शेजारच्या सरीत पोचवणे होय.

खात्री कशी करावी? कोमेजलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापा व त्याचे टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले तर बांगडी समजा. बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगात ते दिसत नाहीत. (ते पाणी नंतर उकळा, शेतात ओतू नका.)

शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचा बाजार टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. टोमॅटो, वांगी, मिरची ही बटाट्याच्याच कुळातली, आणि हा जीवाणू त्यांनाही सोडत नाही. म्हणून बटाट्यानंतर टोमॅटो ही नावापुरतीच फेरपालट. जीवाणूच्या दृष्टीने ताट तेच. ज्वारी, बाजरी, मका, गहू यांवर त्याचे पोट भरत नाही. दोन-तीन वर्षे अशी पिके घेतली तर जमिनीतील त्याची संख्या घटते. मात्र मागच्या हंगामात राहून गेलेला एखादा बटाटा उगवला, की त्याला पुन्हा आसरा मिळतो.

शिवाय तो बेण्यातूनही येतो. बाहेरून निरोगी दिसणारा बटाटा त्याला पोटात घेऊन असतो, आणि बेणे कापताना त्यावरून फिरलेला विळा पुढच्या कित्येक फोडींना रोग लावून जातो.