घर घेण्याआधी बाहेरून एक फेरी

या वेळचा विज्ञानाचा पाठ वर्गात नाही, रस्त्यावर आहे. पालकांनीही तो वाचावा, कारण घर घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर येणार आहे आणि त्यात जन्मभराची शिल्लक जाते.

मी स्वतः घर घेतले ते मे महिन्यात. नुकताच रंग दिलेला, फरशी चकचकीत, स्वयंपाकघरात नवा ओटा. आम्ही दोघांनी आतल्या खोल्या तीनदा पाहिल्या आणि बाहेरून घराभोवती एकदाही फिरलो नाही. जुलैत पश्चिमेची भिंत आतून काळी पडली. कपाटातली पुस्तके, मुलीच्या वह्या, गाद्या, सगळ्याला बुरशी. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम घरात गेलेली, त्यामुळे दुरुस्तीसाठी पुन्हा कर्ज. नंतर त्या भिंतीकडे बाहेरून नीट पाहिले, तर तिच्यावर ओळीने बुजवलेली खिळ्यांची भोके दिसली. आधीचा मालक दर पावसाळ्यात तिथे पत्रे मारीत होता. घराने सांगायचे ते सांगितले होते, आम्ही वाचले नाही.

आपल्या बेळगावात घर पाहताना एकच प्रश्न धरून चालावे : पाणी कुठून येते आणि कुठे जाते? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर पाऊस तिरपा येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती आधी पाहाव्यात. जुनी घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. हा दगड सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. त्याच्यावर बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा आणि वर तेलकट रंग चढवला की आत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, ते खोलीकडे येते. म्हणून जुन्या चिऱ्याच्या घराला नवा गुळगुळीत गिलावा दिसला तर आनंद मानण्याआधी तो कधी केला आणि का केला, हे विचारावे. बोटाच्या पेराने टकटक करीत चाला. पोकळ आवाज आला तर तिथे गिलावा भिंतीपासून सुटला आहे.

आता खाली वाका. जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे, पांढरी भुकटी, ओलसर पट्टा दिसतो का? हे पावसाचे पाणी नव्हे, जमिनीतून चढलेले. खडूचा तुकडा शाईच्या पाण्यात उभा करून पाहा, शाई आपोआप वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. भिंतीतही हेच घडते. पाणी वर येताना क्षार आणते, पाणी उडून जाते आणि क्षार पांढरे होऊन राहतात. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसला की असे होते, आणि नुसत्या रंगाने ते कधीच थांबत नाही.

जोत्याची उंची रस्त्याच्या पातळीपासून मोजा. आपल्याकडे डांबरावर डांबर पडून रस्ते उंच झाले, घरे जिथल्या तिथे राहिली. दीड फुटाचे जोते असलेली काही घरे आता रस्त्याच्या बरोबरीला आली आहेत. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात शहरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. त्या वेळी पाणी कुठवर आले, हे शेजारच्या आजीबाईंना विचारावे. विकणारा विसरलेला असतो, आजीबाई विसरत नाहीत. कुंपणाच्या भिंतीवर मातकट रेघ राहिली असेल तर तीही पाहावी.

जमीन कोणती, हाही बाहेरूनच कळणारा भाग. शहराच्या काही भागांत तांबडी जांभ्याची माती आहे, तर शहापूर-वडगावच्या शिवारात काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर घरही वर्षातून एकदा वर-खाली होते. भाताचे शेत भराव टाकून प्लॉट केलेले असेल तर चौकशी दुप्पट करावी. परड्यात उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पाहिल्या तरी मातीचा स्वभाव कळतो.

भिंतीच्या भेगांबद्दल लोक एक तर फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्यापुरत्या असतात. खांब आणि वीट जिथे मिळतात तिथली सरळ उभी भेगही बहुतेक वेळा दोन वेगळ्या वस्तूंच्या कमी-जास्त आकुंचनाची असते. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग पाया खचल्याची खूण असू शकते. अशी भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीचे टोक बसत असण्याचा संभव अधिक. खांबाच्या कडेने उभी भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसला तर आतली सळी गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. इथे मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय विसार देऊ नये. बुजवलेल्या भेगा शोधायच्या तर संध्याकाळी जावे आणि टॉर्च भिंतीला टेकवून आडवा प्रकाश टाकावा. समोरून न दिसणारा उंचवटा सावलीमुळे दिसतो.

ओळंबा घरीच होतो. दोरीला जड नट बांधून गच्चीवरून सोडा आणि दोरी व भिंत यांतले अंतर वर, मध्ये व खाली मोजा. काही मिलिमीटरचा फरक चालायचाच. जुन्या मातीच्या किंवा दगडी भिंती खाली रुंद, वर निरुंद अशा मुद्दाम बांधत. तो दोष नव्हे. मधेच पोट सुटलेली भिंत मात्र धोक्याची.

कौलारू घर असेल तर रस्त्याच्या पलीकडे जाऊन आढ्याची रेघ पाहा. ती मध्ये खाली वाकलेली असेल तर आतले लाकूड थकले आहे. वळचणीखाली वाशांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. स्लॅबचे घर असेल तर गच्चीचे पाणी उतरवणारे पाईप मोजा आणि हे गणित करा : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 1000 चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 4650 लिटर पाणी खाली यायचे. ते एकाच अरुंद पाईपमधून येऊन भिंतीच्या मुळाशी सांडत असेल, तर पुढचे सांगायला नको. कठड्यात उगवलेले पिंपळाचे रोप लहान दिसते, पण मुळे आत गेलेली असतात. (विश्वस्त मंडळाने रागावू नये, पण आपल्या शाळेच्या मागच्या कठड्यावरही एक आहे.)

परड्यातली विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा यांत निदान 50 फूट अंतर हवे. शेजाऱ्याचा खड्डाही मोजण्यात धरावा, तो कुंपणाला विचारून पाझरत नाही. तसेच शेजारच्या वळचणीचे पाणी आपल्या जागेत पडते का, कोणाची पायवाट परड्यातून जाते का, हे पाहून घ्यावे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे हक्क म्हणून, उघडपणे आणि अखंड 20 वर्षे चालत आलेली अशी वहिवाट कायम हक्क होऊ शकते. टेपने चारी बाजू मोजून आकडे उताऱ्याशी ताडून पाहावेत.

शक्य तर घर दोनदा पाहावे, एकदा उन्हात आणि एकदा भर पावसात छत्री घेऊन. व्यवहार मेमध्ये ठरत असेल तर आणखी थोडे थांबण्याची सवड मागावी. विकणारा नाही म्हणाला तर का नाही म्हणतो, याचा विचार करावा.

आठवी ते दहावीच्या मुलांनी आपापल्या घराची एक भिंत ओळंब्याने मोजावी, गच्चीच्या पाण्याचे गणित करावे आणि एखादी भेग असल्यास तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. तीन महिन्यांनी भेग खुणेच्या पुढे गेली का, ते पाहून वही माझ्याकडे आणावी.