वाळवंटातले चौमुखी खांब कुणाचे?

प्रश्न : जैसलमेरच्या परिसरात फिरताना एका कोरड्या तळ्याच्या काठी तीन-चार कोरीव दगडी खांब दिसले. चारही बाजूंना देवांच्या मूर्ती, खाली झिजलेली अक्षरं. जवळपास ना देऊळ ना घर. गाडीचालक ‘देवली’ एवढंच म्हणाला. हे जुन्या वाटेवरचे मैलाचे दगड असतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ते अंतर दाखवणारे दगड नव्हेत. अंतर मोजायला मोगलांनी कोसमिनार बांधले, पण ते आग्रा–अजमेरसारख्या शाही रस्त्यांवर. शिवाय ते विटा-चुन्याचे, गोल, वर निमुळते होत गेलेले असतात आणि त्यांच्यावर देवांच्या मूर्ती नसतात. तुम्ही पाहिलेत ते बहुधा गोवर्धन स्तंभ. चार बाजूंपैकी एकीवर गोवर्धन उचलून धरलेला कृष्ण असतो, म्हणून हे नाव. उरलेल्या बाजूंवर गणपती, सूर्य असे देव असतात.

हे खांब उभारण्याची कारणं मुख्यतः दोन. कुणी तळं किंवा विहीर बांधली, की तिच्या काठी असा खांब रोवायचा; किंवा कुणी लढताना पडला, की त्याच्या स्मरणार्थ. थारच्या वाळवंटात ही दोन्ही कारणं एकमेकांजवळ येतात. पाणी जिथे, तिथे गुरं; आणि गुरं पळवणाऱ्या टोळ्यांशी झुंजताना माणसं मरत. गुरं सोडवून आणायला पाठलाग करण्याला तिकडे ‘वाहर’ म्हणतात. चारण स्त्रीच्या गाईंसाठी प्राण देणारा पाबूजी राठोड आजही लोकदैवत म्हणून पुजला जातो. गाईंचा कैवारी असलेला कृष्ण या खांबांवर का आला, हे यावरून सहज उमजतं.

देवली म्हणजे खरं तर स्मृतिशिळा. तिच्यावर बहुधा भाला घेतलेला घोडेस्वार असतो, कधी शेजारी सती गेलेली स्त्री. आपल्याकडच्या वीरगळांची आणि सतीशिळांची ही सख्खी भावंडं. सांगली-कोल्हापूरकडे गावोगावच्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात, त्यांतही गुरांसाठी झालेल्या झुंजीचे प्रसंग कोरलेले आढळतात. दोन्हीकडच्या शिल्पकारांची घडण वेगळी, पण गावानं ज्याचं ऋण मानलं तो माणूस मात्र एकाच जातकुळीचा.

आता त्या झिजलेल्या अक्षरांविषयी, कारण खरा ऐवज तिथे आहे. जैसलमेरच्या भाटी राज्यात विक्रम संवताबरोबर भाटिक संवतही चालत असे. त्याचा आरंभ इ. स. 623-24 चा, म्हणजे भाटिक वर्षात सुमारे 623 मिळवले की इसवी सन येतो. एकाच दगडावर दोन संवत असतील, तर त्यांच्यात 680 चा फरक असतो. या पडताळ्यामुळे एखादा आकडा पुसट असला तरी वर्ष बऱ्याचदा ठरवता येतं.

कुलधराचं उदाहरण घ्या. पालिवाल ब्राह्मणांच्या या ओसाड गावाला लोक एका रात्रीत गाव उठल्याची गोष्ट ऐकायला आणि भुतांच्या ओढीनं जातात. तिथल्या स्मशानात देवल्या आहेत, त्यांपैकी दोन भाटिक संवताच्या असून त्यांत इ. स. 1235 आणि 1238 मधल्या मृत्यूंची नोंद आहे. गावाच्या वयाचा असा लेखी पुरावा समोर असताना माणसं भुतांची छायाचित्रं शोधत फिरतात, याचं मला वाईट वाटतं.

याहून जुना खांब पाहायचा असेल, तर जोधपूरच्या वायव्येला घटियाळा गाठा. प्रतिहार राजा कक्कुकाच्या इ. स. 861 च्या लेखाचा हा स्तंभ. त्याच्या माथ्यावर चार दिशांना तोंड केलेले चार गणपती आहेत. आभीरांच्या उपद्रवानं उजाड झालेल्या जागी राजानं बाजार वसवल्याची हकीकत त्याच्या लेखांत येते. म्हणजे वाळवंटातला खांब कधीकधी व्यापारासाठी ‘इथे आता निर्धास्त या’ असंही सांगत असे.

या खांबांपैकी फारच थोडे सरकारी संरक्षणाखाली आहेत. बाकीचे तळ्याच्या आगोरात म्हणजे पाणलोटात, नाहीतर ओरण नावाच्या देवराईत उभे आहेत, आणि त्या जमिनीच धोक्यात आहेत. अशा मोकळ्या जागा कागदोपत्री अनेकदा पडीक ठरतात, आणि मग सौर व पवनऊर्जा प्रकल्पांसाठी त्यांच्यावरच डोळा जातो. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांची नोंद करायला सांगितलं. ते काम नीट झालं तर खांबही वाचतील. केवळ खांब उचलून संग्रहालयात नेले तर ते कुठल्या पाण्याचे होते, हेच कळेनासं होईल.

पुन्हा जाल तेव्हा सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. खडूनं अक्षरं भरू नका, तेल-पाणी लावू नका. छायाचित्र चारही बाजूंचं घ्या, आणि शेजारचं तळं कुठल्या नावाचं आहे ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा.